दोन मावश्या, दोन डब्या

"माणूस वयानं म्हातारा होत नाही, होमोसिस्टीननं होतो," असं भाच्यानं दारातूनच जाहीर केलं आणि मिळेल त्या खुर्चीवर बसून तो गुडघा चोळू लागला. अंधाऱ्या जिन्याच्या वळणावर कठडा लागला होता. दर भेटीला लागायचा.

भाचा हाडांच्या पेशींवर संशोधन करायचा. त्याची मोठी मावशी आणि धाकटी मावशी बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकत्र राहायच्या. या वयात इतके जिने म्हणजे खुब्याच्या हाडाला खुलं आव्हान, असं त्याचं मत. पण खरा शास्त्रज्ञ पुराव्याशिवाय मावशीलाही हलवत नाही.

"हाडात गवंडी असतात आणि पाडकामवाले असतात," तो म्हणाला. "रक्तात होमोसिस्टीन नावाचं आम्ल साचलं की गवंडी सुस्तावतात, पाडकामवाल्यांना जोर चढतो. बी जीवनसत्त्वं ते साचू देत नाहीत."

"आमच्या घरासारखंच की," धाकटी म्हणाली. "मी बांधते, ही मोडते."

त्यानं दोघींपुढे एकेक डबी ठेवली. एकीत जीवनसत्त्वं, दुसरीत दिसायला तश्शाच साखरेच्या गोळ्या. कुठलीत काय, हे फक्त औषधवाल्याला ठाऊक. रक्त आज तपासायचं आणि पुन्हा तीन महिन्यांनी. जिचा आकडा उतरणार नाही, तिनं भाच्याच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला जायचं.

"म्हणजे साखर खाणारीनं घर सोडायचं," मोठी म्हणाली.

"विज्ञानाला भावना नसतात, मावशी."

"दिसतंय."

तीन महिन्यांनी भाचा पुन्हा आला, पुन्हा गुडघा चोळत, पण या वेळी चेहऱ्यावर तेज. दोघींचे आकडे उतरले होते, तेही जवळजवळ सारखे.

"साखरेनं होमोसिस्टीन उतरलं! जगात कुणाला माहीत नाही हे. उद्याच विभागप्रमुखांना सांगतो."

मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"सांगू का ह्याला?" धाकटीनं विचारलं.

"सांग. उद्या चारचौघांत तोंडावर पडेल बिचारा."

"अरे, एक दिवस मी हिच्या डबीतली घ्यायचे, एक दिवस माझ्या. हीसुद्धा तसंच. जन्मभर सगळं वाटून खाल्लं, आता गोळीवरून वेगळ्या होऊ? ही खाली गेली तर मी भांडायचं कुणाशी?"

भाच्यानं कपाळाला हात लावला. "प्रयोग मातीत गेला."

"प्रयोग गेला, आम्ही तर आहोत," मोठी म्हणाली. "आणि आकडा उतरला ना? मग आता आमची हाडं मोडणार नाहीत."

भाचा घुटमळला. पण होता प्रामाणिक. "तसं सांगता येत नाही. आकडा उतरतो हे नक्की. त्यानं हाड मोडायचं टळतं, हे काही अजून नीट सिद्ध झालेलं नाही."

"मग ते मोडतं तरी कशानं?"

"बहुतेकदा... पडल्यानं."

धाकटी उठली, कपाटातून नवा बल्ब काढला आणि त्याच्या हातात दिला.

"मग जाताना जिन्यातला दिवा तेवढा बदल. आमचा हात पोचत नाही."