सातव्या पानावरचा उंदीर

हसणार नसाल तर सांगतो. विमान कारखान्याच्या कामगार पत्रिकेचा मी एक जुना अंक. पानं आठ, कागद हलका, शाई बोटाला लागणारी. पहिल्या पानावर साहेबांचं भाषण, मधे बढत्या, लग्नं, निवृत्त्या. सातव्या पानावर गंमत. लोक मला मागून उघडायचे ते त्या पानासाठीच.

त्या महिन्याची गंमत बारक्यावर होती.

बारक्या म्हणजे जोडणी खात्यातला काडीसारखा माणूस. विमानाच्या पंखाचा पत्रा बाहेरून ठोकताना आतून कोणालातरी लोखंडी ठोकळा धरून बसावं लागतं. त्या पोकळीत मावणारा तो एकटाच. एक दिवस जेवणाची घंटा झाली आणि सोबत्यांनी त्याला आत ठेवून झाकणाचे स्क्रू आवळले. चेष्टा म्हणून! मग जेवायला गेले आणि गप्पांच्या नादात विसरले. परत आले तोवर आतून पत्रा बडवणं थांबलं होतं. झाकण काढलं तेव्हा बारक्याची पँट ओली होती आणि त्याला उभं राहता येत नव्हतं.

त्याचं चित्र माझ्या अंगावर छापलं. पंखातून डोकावणारा उंदीर, खाली डबकं, आणि ओळ: 'आमच्या विमानाला गळती कुठून, ते अखेर सापडलं!'

कॅन्टीनमध्ये माणसं टेबलं बडवून हसली. बारक्याही हसला. न हसून जातो कुठे? तेव्हापासून तो उंद्या झाला. पगार वाटणारा कारकूनसुद्धा 'उंद्या, सही कर' म्हणायचा.

मला घरी नेलं ते शेवटचा स्क्रू आवळणाऱ्यानेच. घरी कोणी आलं की तो मला बाहेर काढायचा. पुढे त्यालाही कंटाळा आला. मग त्याच्या बायकोने मला कपबशांच्या खणात अंथरलं.

वर्षं गेली. माझा मालक वारला. एका दुपारी दारात ओळखीचा आवाज आला, "वहिनी, पत्रिकेचे जुने अंक आहेत का हो?"

तोवर उंद्याचं नाव झालं होतं. उंद्याकाका घरोघर फिरून कारखान्याच्या आठवणी जपतात, असं लोक कौतुकाने म्हणत. तो अंक मागून न्यायचा, उन्हात ठेवायचा, फाटकी पानं खळीने चिकटवायचा, सुईदोऱ्याने शिवायचा. वहिनींनी माळ्यावरचा गठ्ठा पुढे ठेवला. तो एकेक अंक मागून उघडत गेला.

"एवढं काय शोधताय, भावोजी?"

"एकच अंक हवाय, वहिनी. बाकीचे म्हणजे मागायला निमित्त." त्याने मान वर केली नाही. "आजवर हाती लागले तेवढे जाळले. ह्यांच्याकडे एक होता, एवढं ठाऊक आहे."

वहिनी शेजारी बसून अंक उलटू लागल्या. "सापडला तर मीच काडी लावीन," त्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नाहीत. खणात काय अंथरलंय, ते विसरल्या होत्या. मी चार हातांवर, बशांखाली पडलो होतो. कागदाला खोकताही येत नाही.

वहिनी गेल्यावर मुलाने घर आवरायला काढलं. खण उपसताना मी हाती लागलो. "अगं, हा बघ!" तो बायकोला म्हणाला. "आई शेवटपर्यंत म्हणायची, भावोजींचा अंक शोधायचा राहिला. काकांना केवढा आनंद होईल!" आणि त्याने मला कारखान्यात नेऊन दिलं.

कारखान्याच्या वर्धापनदिनाला उंद्याचा सत्कार होता. अंगात नवा सदरा, पहिल्या रांगेत बायको. व्यवस्थापक बोलायला उठले. "काकांनी आपला ठेवा जपला. त्यांच्या संग्रहात एकच अंक नव्हता. तोही आम्ही मिळवला!"

मी सोनेरी चौकटीत होतो, सातवं पान वर करून. मागच्या पडद्यावर तेच चित्र भिंतीएवढं झालं. कोणा म्हाताऱ्याने शेजाऱ्याला जुना किस्सा सांगितला. हसू रांगारांगांतून पुढे सरकत आलं.

"आणि काका, हा आता कॉम्प्युटरवरही चढवलाय. जगबुडी झाली तरी नष्ट व्हायचा नाही!"

उंद्या हसला. मला काखेत धरून त्याने हात जोडले. चित्राची बाजू मात्र त्याने सदऱ्याकडे वळवली होती.

परतताना बसमध्ये बायको हळूच म्हणाली, "तुम्ही तर सांगितलं होतं, चपळ होतो म्हणून नाव पडलं."

त्याने खिशातून तिकिटाचे पैसे काढले.

आता मी त्याच्याच घरात, त्याच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर आहे. त्याच्या मुलाने हौसेने खिळा ठोकलाय. वाळवी म्हणे काचेआड येत नाही. तुम्ही जुने अंक जपत असाल तर जरूर जपा, पण मला तेवढं जाऊ द्या.

परवा खोलीत कोणी नाही असं बघून त्याने स्टूल ओढलं. गुडघे धरत वर चढला. बोटं चौकटीला लागलीच होती, तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून धावत आली.

"बाबा, पडाल ना! काय हवंय?"

"काही नाही. धूळ बसली होती."

तिने त्याला धरून खाली उतरवलं, खुर्चीत बसवलं. मग स्वतः स्टुलावर चढून, पदराने माझी काच लख्ख पुसून दिली.