कोपऱ्यापर्यंत लोणी

सँडविच बनवणं हाही धंदा असतो, हे मला पोरीनं सांगितलं तेव्हा कळलं. दोन पाव, मध्ये काकडी, झाला कारागीर. असल्या माणसाशी हिला लग्न करायचंय, आणि रविवारी तो मला विचारायला घरी येणार. मी तीस वर्षं भिंतींना गिलावा करतोय. माणसाची पारख मी त्याच्या कामावरून करतो, गोड बोलण्यावरून नाही. म्हणून परवा जेवणाच्या सुट्टीत कोणाला न सांगता तो नोकरीला आहे त्या दुकानात गेलो, अंगावरचं सिमेंटही न झटकता.

काउंटरमागे तोच होता. पोरीच्या फोनमध्ये फोटो बघितला होता, तेच लांब नाक. अंडं-काकडीचं सँडविच सांगितलं, त्यानं समोरच बांधून दिलं, ते घेऊन मी साइटवर आलो.

विटांच्या चळतीवर बसून उघडलं. लोणी चारी कोपऱ्यांपर्यंत, सगळीकडे एका जाडीचं. अंडं भरघोस, काकडीच्या आठ चकत्या. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. गिलाव्यातही नवशिके नेमके कोपऱ्यातच मार खातात.

तेवढ्यात आमचा सुपरवायझर शेजारी टेकला. इस्त्रीचा शर्ट, हातात त्याच दुकानातलं तेच सँडविच. मी म्हटलं, "जरा उघडून दाखवा बघू." आत काकडीच्या तीन चकत्या, मधोमध लोण्याचा एक ठिपका, कोपरे कोरडे ठणठणीत. अंडं तर कोंबडीनं लांबूनच दाखवलं असावं.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मला ओळखलं होतं पठ्ठ्यानं. होणाऱ्या सासऱ्याला मस्का लावायचा आणि बाकीच्या गिऱ्हाइकांच्या तोंडाला पानं पुसायची. माझंही सँडविच कोरडं निघालं असतं तर एकवेळ चाललं असतं. हातात कला नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण हा तर लबाड निघाला.

घरी गेल्या गेल्या टेबलाशी बसून पोरीला सगळं सांगितलं आणि सुनावलं. "लग्न विसर. साहेब बघणार तेवढीच भिंत गुळगुळीत करणारे असले कारागीर मी आयुष्यभर हाकलून लावलेत."

बायको भाजी चिरत होती, ती थांबली. पोरगी माझ्याकडे वळली.

"किती वाजता गेला होतात?"

"एक वाजता. का?"

"बाबा, त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. फोटोसुद्धा नाही." तिचा आवाज खाली आला. "मघाशी त्याचा फोन आला होता. म्हणाला, दुपारी एक म्हातारे गवंडी आले होते. पैसे देताना त्यांचे हात इतके थरथरत होते, की नाणी काउंटरवर सांडली. सकाळपासून पोटात काही नसेल, म्हणून मालकानं ठरवलेलं माप सोडून त्यांना दुप्पट भरून दिलं. मालकानं ते बघितलं आणि सगळ्यांसमोर त्याला झापलं."

मी उपाशी म्हणे. सकाळी चांगला पोटभर खाऊन निघालो होतो. आणि म्हातारा कोण? हसण्यावारी न्यावं म्हणून बायकोकडे बघितलं. तिनं नजर वळवली आणि परत चिरायला लागली. म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी हात टेबलाखाली घेतले.

"रविवारी जरा लवकर ये म्हणावं त्याला," मी म्हणालो.