मनोऱ्याची नववी थाळी

मी सुवेझच्या आमच्या कॉलेजातला प्रयोगशाळा सहायक; तिथला काचेचा मनोरा सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. त्यात मेथनॉल आणि पाण्याचं मिश्रण सोडायचं, बारा थाळ्यांवरून उकळत चढवायचं आणि वरून मेथनॉल काढायचं. मुलं एक दिवस मनोरा चालवतात, दुसऱ्या दिवशी तोच मनोरा संगणकावर मांडतात. दोन्हींचे आकडे जुळले तरच प्राध्यापक, म्हणजे आमचे दुक्तूर फिक्री, अहवालावर सही करतात, आणि सही असेल तरच उन्हाळ्यात रिफायनरीत प्रशिक्षण मिळतं.

आकडे सगळ्यांचे जुळायचे. कारण उघड होतं. वरच्या वर्गाची वही खालच्या वर्गाकडे यायची. मी काणाडोळा करायचो. आपल्याला काय त्याचं?

या वर्षी शाहिनाज नावाची एक पोरगी निघाली वेगळ्याच वाटेची.

"अम्म बय्यूमी, मनोरा आजारी आहे," ती मला म्हणाली. सगळी मुलं मला अम्म, म्हणजे काका, म्हणतात.

"आजारी तुझा संगणक असेल! माझा मनोरा ठणठणीत आहे."

"तीनदा चालवला. मेथनॉल अठ्ठ्याऐंशी टक्केच येतं. स्क्रीनवर पंच्याण्णव."

"मग पंच्याण्णव लिही की, इंजिनिअरबाई. हात दुखतो का तुझा?"

"जे दिसलं नाही ते कसं लिहू? आणि उद्या शेवटची तारीख आहे हो."

तिचा आवाज जरा कापला. मला राग आला. तिचा की माझा, कोण जाणे. मी चहा ओतून घेतला आणि ती संगणकावर काय काय बदलतेय ते बघत बसलो. उष्णता बदलली, दाब बदलला. पंच्याण्णव काही हलेना. मग ती ओरडलीच.

"आलं! अठ्ठ्याऐंशी! मिश्रण नवव्या थाळीऐवजी पाचव्या थाळीवर सोडलं की बरोब्बर येतं. पण मनोऱ्यावरच्या पाटीवर तर नऊ लिहिलंय..."

मी चहाचा पेला खाली ठेवला. आठ वर्षांपूर्वी मनोऱ्याचे काचेचे तुकडे धुऊन मी एकट्यानेच पुन्हा जोडले होते. वर जाड आच्छादन गुंडाळलं, नळीपाशी नवव्या थाळीची पाटी लावली आणि मोकळा झालो. थाळ्या मोजल्या होत्या का? वल्लाही, आठवेना.

रात्रभर झोप नाही. गप्प बसलो असतो तर कोणाला पत्ता लागला नसता, पण पोरीची सही गेली असती. सकाळी भर वर्गात दुक्तूरांसमोर मी सुरी घेतली आणि आच्छादन टराटरा फाडलं.

"मोजा," मी म्हणालो.

शाहिनाजने बोट ठेवत वरून मोजलं. मिश्रणाची नळी पाचव्या थाळीवर होती.

"चूक माझी," मी म्हणालो. "आठ वर्षं झाली. पोरीचा आकडा खरा आहे."

दुक्तूरांनी चष्मा काढला. "आठ वर्षं?" मग ते हळूच वर्गाकडे वळले. "मग आठ वर्षं सगळ्या वर्गांचे, आणि आता तुमचेही, पंच्याण्णव कुठून आले?"

सगळे बुटांच्या नाड्या बघायला लागले. मागच्या बाकावरच्याने तर वाकून खरंच नाडी बांधायला घेतली. मला हसू आवरेना, पण माझ्याआधी दुक्तूरच खो खो हसत सुटले. त्यांनी शाहिनाजच्या कागदावर सही केली. तिने तो छातीशी धरला आणि रडत हसायला लागली.

"बाकीच्यांनी उद्या सकाळी आठला मनोरा चालवायला यायचं," दुक्तूर म्हणाले. "मीही येतो. पंच्याण्णवावर बरोबरची खूण करत होतो ना मी, मनोऱ्याकडे न बघता?"