अर्जंट या

माझ्या नातीच्या, अर्पिताच्या, मुलाचं जावळ काढलं ते दोन हजार बावीस साल. त्या दिवाळीनंतर एका सकाळी ढोकीहून फोन आला. धाकट्या बहिणीचा, गिरिजाचा, मुलगा सोमेश बोलत होता.

"मावशी, आईची तब्येत बरी न्हाय. अर्जंट या."

एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मी सुनेला सांगितलं, तशी तिनं तवा खाली उतरवला. आमच्याकडं कोणी गेल्याचं फोनवर सांगत नाहीत. ऐकणाऱ्यानं वाटेतच हाय खाऊ नये म्हणून 'सिरीयस आहे, अर्जंट या' म्हणतात. वडील गेले तेव्हा असंच सांगितलं होतं, थोरले दीर गेले तेव्हाही. उलटून विचारायची रीत नाही आणि विचारलं तरी कोणी खरं सांगत नाही.

भाऊ गौरीशंकर मागच्या गल्लीत राहतो. तो आला तो काखेत पुडकं मारूनच. दुकान उघडायला लावून त्यानं हिरवं लुगडं आणलं होतं. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात.

"कुणी सांगितलं तुला ती गेली म्हणून?" मी विचारलं.

"अक्का, अर्जंट म्हणल्यावर आणि काय सांगायचं राहतंय? आळंदची आपली भावकीची लोकं दुपारपतुर येतील. जीप ठरवलीय, सगळी मिळून जाऊ. आपण गेल्याबिगर ते माती देत न्हाईत."

"आणि जित्ती असली तर?"

"सोमेश उगंच बोलावील व्हय?"

"ती लेकरं गॅस संपला तरी अर्जंट म्हणत्यात, गौऱ्या."

सोमेशला परत फोन लावला. "बाळा, खरं सांग, आई बोलतीया का?" पलीकडं बायकांचा गलका होता. "मावशी, तुमी या फक्त," म्हणाला आणि फोन कट झाला. भाऊ माझ्याकडं बघत राहिला. ऐकलंस ना, असं त्याच्या तोंडावर होतं.

मला थांबवेना. गेलेल्या माणसासाठी जीप भरेपर्यंत थांबता येतं. ती श्वास मोजत पडली असेल तर? भावानं लुगडं माझ्या पिशवीत घालायला काढलं.

"ते तूच घेऊन ये. मी माणसाला भेटाय चाललेय."

मुलगा शिवलिंग मला मोटारसायकलवर नळदुर्गपर्यंत घेऊन आला. तिथून आम्ही धाराशिवची एसटी धरली. मांडीवरचा फोन वाजू नये असं वाटायचं आणि वाजत नाही म्हणून जीव जायचा. धाराशिवला स्टँडसमोर पाटी होती, 'अर्जंट फोटो मिळतील'. पोरंपोरी हसत आत जात होती. ती पाटी वाचून मला जरा धीर आला. येडशीपाशी शिवलिंगनं सोमेशला फोन लावला. कोणी उचलला नाही. आलेला धीर तिथंच सरला.

ढोकीत गिरिजाच्या दारासमोर माणसं बसली होती.   शिवलिंगनं माझा दंड धरला. "अव्वा, दमानं," म्हणाला आणि त्याचाच आवाज फुटला.

तेवढ्यात सोमेश धावत आला. "लवकर चला मावशी, सकाळपासनं तुमालाच विचारतीया. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलंय."

गिरिजा खाटेवर होती. ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. मी तिचा हात धरला.

"अक्का, आलीस व्हय? गौऱ्या कुठाय?"

"मागनं यायलाय. जीप करून."

"जीप?" ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली आणि तिला खोकला आला. "म्हंजी मला मेली समजला त्यो. लहानपणापासनं अर्धंच ऐकतोय मुडदा."

शिवप्रियानं, तिच्या सुनेनं, चमच्यानं पाणी पाजलं. आम्ही दोघी माहेरच्या विहिरीबद्दल बोललो, तिच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल बोललो. मग ती थकली. माझा हात मात्र तिनं सोडला नाही.

गिरिजा त्याच दिवशी, बुधवारी, नऊ नोव्हेंबरला, दिवस मावळायच्या आधी गेली.