चौकटीखालचा मोडेम

सकाळी सहा वाजता ताईबाई अंघोळ करून पांढरे लुगडे नेसत, भिंतीवरची चौकट कोरड्या फडक्याने पुसत आणि मेणबत्ती लावून वंदना म्हणत. चौकटीत बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते. साडेसहाला कंपनीची बस चौकात येई आणि ताईबाईंचा मुलगा महेंद्र रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर जाई. सातला शेजारच्या कुशाबाई दुधाची किटली घेऊन येत. आठला महेंद्रची बायको माया सतरंजी अंथरी आणि नऊ वर्षांच्या भाग्यश्रीची शाळा घरातच सुरू होई. नऊ वाजता माया चौकटीखालच्या फळीपाशी येऊन एका काळ्या डबीचे बटण दाबी.

ती काळी डबी म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल. फोनच्या तारेतून एका संगणकाला दूरच्या संगणकाशी बोलायला लावणे, हे माझे काम. बोलणे जुळेपर्यंत मी चिरक्या आवाजात कण्हत असे. मग माझे लाल दिवे लुकलुकत आणि पत्रे येऊ-जाऊ लागत.

मी कोणत्या देशात तयार झालो, ते मला ठाऊक नाही. पुण्यातल्या एका कचेरीने मला काही वर्षे वापरले आणि नवा मोडेम आल्यावर विकून टाकले. महेंद्रने मला एका जुन्या संगणकासोबत २००१ साली न्हावऱ्याला आणले. आता दारात नवी, जलद तार आली आहे आणि मी लोखंडी पेटीत जुन्या लोकरीच्या कपड्यांखाली पडून आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र जुनी वस्तू टाकण्यापूर्वी एकदा फडक्याने पुसून पाहा, तिच्यातून कोण कोणाशी बोलले ते आठवून पाहा, एवढी माझी विनंती आहे. माझ्यातून जे गेले, त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. तुम्हाला लागतो का, पाहा.

पहिला गोंधळ शाळेचाच होता. भाग्यश्री बोलताना अडखळे. गावातल्या शाळेत तिचे उत्तर ओठांवर येईपर्यंत पाळी पुढच्या मुलाकडे गेलेली असे. एक वर्ष ती वर्गात काहीही बोलली नाही. माया डी.एड. झालेली होती. तिने मुलीला शाळेतून काढले आणि घरी शिकवू लागली.

ताईबाईंना ते सहन झाले नाही. "आमच्या वक्ताला आमाला शाळंच्या भाईर बसवायचे," त्या सुनेला म्हणाल्या. "हिला आत बसाय मिळतंय, तर तूच भाईर काढती व्हय?"

"आई, ती तिथं बसत होती, पण शिकत नव्हती."

"मी तर कदी आत बसलेपन न्हाई," ताईबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दोघी खऱ्या होत्या. दोन खरी माणसे एकमेकांशी अबोला कसा धरतात, हे मला तेव्हा कळले नाही.

भाग्यश्रीला मैत्रिणी उरल्या नव्हत्या. म्हणून मायाने माझ्यामार्फत घरी शिकणाऱ्या मुलांची घरे शोधायला सुरुवात केली. पहिले पत्र दौंडहून आले. तिथल्या रेल्वे वसाहतीतल्या प्रतिभाताई आपल्या रुद्रला घरी शिकवत होत्या. दुसरे तळेगाव ढमढेऱ्याहून, निवृत्त शिक्षक तात्याबा गुरुजींचे. ते आपल्या नातीला शिकवत. दोन वर्षांत चौदा घरे झाली. एकाने लिहिलेले पत्र चौदा घरी पोहोचे. या गटाला मायाने नाव दिले 'ओसरी'.

ओसरीचा नियम एकच होता. इथे कोणी कोणाला धर्म शिकवायचा नाही, कोणाची जात विचारायची नाही. आडनाव कळले की जात कळते, म्हणून पत्राखाली आडनावही लिहायचे नाही. माया सही करी : 'माया, न्हावरे'. पत्रे मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत असत. माया ती मोठ्याने वाचून दाखवी, म्हणून मलाही कळत.

रुद्र दौंडच्या फलाटावर पाहिलेल्या इंजिनांचे क्रमांक कळवी. भाग्यश्री त्याला उसाच्या बैलगाड्या मोजून पाठवी. लिहिताना ती कधी अडखळत नसे.

मी चालू असलो की घरचा फोन बंद पडे. त्या आळीत फोन एकच. कुशाबाईंचा मुलगाही त्याच फोनवर आईला बोलावून घेई.

"माया, तुजा डबा रोज सकाळी कन्हतोय, आन् माजा हरिबा तिकडं फोन लावून लावून दमतोय," कुशाबाई म्हणत. "काय दुकतंय काय त्याचं?"

"अर्धाच तास, मावशी. पोरीची शाळा आहे ती."

"आगं, शाळा म्हंजी घंटा वाजती. ही तर बाळंतपनाला बसल्यावानी वरडती."

ताईबाई आत हसल्या. माझ्यावरून त्या पहिल्यांदाच हसल्या असाव्यात.

मग एक नवल घडले. भाग्यश्रीने ओसरीला लिहिले, 'माझ्या आजीला ज्वारीच्या सात जाती नुसत्या दाण्यावरून ओळखता येतात.' दुसऱ्या दिवशी प्रश्नांची रांग लागली. हुरड्याची ज्वारी कोणती? बी कशात ठेवता? किडू नये म्हणून काय घालता? ताईबाई सतरंजीवर बसून सांगू लागल्या, भाग्यश्री लिहू लागली. आठवडाभर चौदा घरांतली मुले त्यांच्याकडून शिकत होती. शेवटी गुरुजींच्या नातीने लिहिले, 'बाई, पुढचा धडा कधी?'

"मला बाई म्हणली?" ताईबाईंनी विचारले. मायाने ते वाक्य पुन्हा वाचले. ताईबाईंनी तिसऱ्यांदाही वाचायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेनंतर ताईबाईंनी चौकटीला फूल वाहिले आणि मग त्याच फडक्याने मला पुसून माझ्यावरही झेंडूचे एक फूल ठेवले.

"आई, पाणी जाईल त्यात, बिघडेल."

"कोरडं हाय. झटकून ठिवलंय."

मी मात्र विचारात पडलो. जिथे धर्माला जागा नाही, त्या शाळेचे मी यंत्र, आणि माझ्या डोक्यावर फूल. मी देव झालो होतो, की फक्त एका बाईच्या शाळेचे दार?

२००३ च्या डिसेंबरात ओसरीची पहिली बैठक ठरली. रविवारी सकाळी सगळी घरे न्हावऱ्याला येणार होती. रुद्र इंजिनांची वही आणणार होता. भाग्यश्रीने चार दिवस आधीच दारापुढचे अंगण झाडायला घेतले. तिला इतक्या दिवसांनी सोबती मिळणार होते.

शनिवारी सकाळी गुरुजींचे पत्र आले. ते पहाटे उठून लिहीत. 'बैठक ज्या घरी आहे, तिथल्या भिंतीवर कोणत्याही धर्माचे चित्र नसावे, असे सुचवितो. ते घर कोणत्या धर्माचे, हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचे नाही. नियम आपणच केला आहे. तो मोडला तर दोन-तीन घरे परत जातील, असे त्यांनी मला कळविले आहे.'

माया ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिली. संध्याकाळी तिने महेंद्रला विचारले, "बाबासाहेबांचा फोटो म्हणजे धर्म का?"

"बुद्ध शेजारी आहेत ना," तो म्हणाला. "लोक धर्मच म्हणणार. एका दिवसाचा प्रश्न आहे, माया. काढून ठेव. पोरीचे सोबती परत गेले तर?"

"आणि आई?"

ताईबाई नळावर गेल्या होत्या. मायाने चौकट खाली उतरवली, एका साडीत गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. भिंतीवर चौकटीएवढा फिकट चौकोन उरला. माझ्या डोक्यावर इतकी मोकळी भिंत मी कधी पाहिली नव्हती.

रविवारी सहा वाजता ताईबाई पांढरे लुगडे नेसून फडके घेऊन आल्या. भिंतीकडे पाहून थांबल्या. फिकट चौकोनासमोर मेणबत्ती लावून त्यांनी नेहमीच्या आवाजात वंदना म्हटली. मग चौकट पुसायची नव्हती, म्हणून मलाच दोनदा पुसले. हातातली दोन्ही फुले माझ्यावर ठेवली आणि त्या चुलीकडे गेल्या.

माया दारात उभी राहून सगळे पाहत होती. तिच्यामागे भाग्यश्री डोळे चोळत आली.

"आ-आई, फोटो कुठंय?"

"आज पाहुणे येणारेत. कोणाला वाटायला नको, की आपण..."

"म-मी तर रुद्रला एकट्याला पत्र लिहून सांगून टाकलं," भाग्यश्री म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"मी अ-अडखळते ते. म्हटलं, आल्यावर क-कळण्यापेक्षा आधीच लिहावं."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, म-मालगाडीपण थांबत थांबतच येते. येते ना पण."

मायाने स्टूल ओढले, कपाटावरची साडी सोडली, चौकट पुन्हा खिळ्याला लावली आणि पदराने काच पुसली. चुलीपुढून ताईबाईंनी एकदा मान वळवून पाहिले आणि पुन्हा भाकरी थापू लागल्या.

साडेसहा वाजले होते. माझी वेळ नऊची. तरी मायाने माझे बटण दाबले. मी कण्हलो, दिवे लागले. तिने एकेक शब्द पुटपुटत टंकलेले पत्र असे होते : 'इथे कोणी कोणाला धर्म शिकवायचा नाही, हा नियम कायम आहे. मात्र कोणी कोणाला घरातले काही झाकायलाही सांगायचे नाही. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. सासूबाईंची वंदना सहाला होते, शाळा आठला. ज्यांना यायचे त्यांनी यावे. माया महेंद्र ओव्हाळ.'

आडनावावर तिचे बोट क्षणभर थांबले होते. मग तिने पत्र पाठवले. ते चौदा घरी गेले. मी गोंधळलेलाच होतो, पण मी ते एकही अक्षर न गाळता पोहोचवले.

माया उठली नाही. फोन बंद ठेवून ती माझ्या दिव्यांकडे पाहत बसली. सात वाजायला दहा मिनिटे असताना एक पत्र आले. गुरुजींचे. तिने ते मनातच वाचले, मग भाग्यश्रीला जवळ घेऊन मोठ्याने वाचले.

'पत्र मिळाले. नातीला घेऊन निघतो. न्हावऱ्याला एसटीतून उतरल्यावर ओव्हाळांचे घर कुठे, म्हणून विचारीन.'

मायाने माझे बटण बंद केले. माझ्यावरच्या दोन फुलांपैकी एक उचलून तिने चौकटीला वाहिले. दुसरे तिने माझ्यावर तसेच राहू दिले.