टेकडीपलीकडचा कोड

आमच्या जिन्याच्या खिडकीतून सरकारी इस्पितळाची पाण्याची टाकी दिसते. टाकीखाली पत्र्याची शेड आणि शेडमध्ये गावाची अँब्युलन्स. बाबा दुकानातल्या स्टुलावरून कोसळले त्या दुपारीही ती तिथेच उभी होती. ड्रायव्हर काचेवर फडकं फिरवत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि फोनवर एक मुलगी मला विचारत होती, "टेकडीच्या कोणत्या बाजूला आहात तुम्ही?"

"अलीकडच्या."

"म्हणजे आमच्या?"

"नाही हो, आमच्या."

त्या मुलीचा दोष नव्हता. ती टेकडीपलीकडे शहरात बसली होती आणि तिच्या समोरच्या पडद्यावर आमचा नंबर शहराचा दिसत होता. नंबराच्या सुरुवातीला ज्या भागाचा कोड, त्या भागाच्या केंद्रात तातडीचा फोन जातो आणि तिथलीच गाडी निघते. आमच्या गल्लीचा कोड शहराचा आहे. तेव्हा गाडी शहरातून निघाली, घाट चढायला लागली. मोबाइलचा उपयोग नव्हता, टेकडीमुळे आमच्याकडे रेंज येत नाही. मी इस्पितळालाच फोन लावला.

"गाडी हलवायला केंद्रातून हुकूम यावा लागतो," तिथल्या माणसाने सांगितलं.

"कोणत्या केंद्रातून?"

"गावच्या."

"गावच्या केंद्राला फोन कसा लावायचा?"

"तातडीचा नंबर फिरवा ना."

मी रिसीव्हर ठेवला. तेवढ्यात आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, गॅलरीतून बेकरीवाल्याला अशी हाक मारली की त्याच्या हातातला ट्रे पडला. पावाच्या गाडीतले ट्रे रस्त्यावर उतरवून त्यांच्या जागी बाबांना झोपवलं आणि आम्ही इस्पितळात पोचलो. शेडमध्ये तशीच उभी असलेली अँब्युलन्स मी अगदी जवळून पाहिली. काच लख्ख झाली होती.

बाबा वाचले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी एवढा उशीर चालायचा नाही."

"पुढच्या वेळी?" आत्या म्हणाली. "त्याला काय चटक लावताय की काय?"

आम्ही वॉर्डाबाहेर बसलो होतो तेव्हा शहरातल्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर शोधत शोधत आला. त्याला माझी सही हवी होती. पेशंट जागेवर सापडला नाही, अशी.

"माझा पेशंट मी लपवून ठेवला होता का?" मी विचारलं.

"ताई, माझ्यावर कशाला चिडता? मी घाटात गाडी पळवली, सांगू का, ब्रेकचा वास येईपर्यंत." तो बाकावर टेकला. "तुमच्या गल्लीत दुसऱ्यांदा हे असं झालं. गेल्या वर्षी त्या मास्तरांकडे आलो होतो. त्यांनी अगदी वेळेवर फोन केला होता. मी पोचलो तर बाई गेलेल्या. आणि मास्तरांनी काय केलं माहितीय? मलाच पाणी आणून दिलं."

मी सही केली. कागदावर काय लिहिलंय ते वाचलंही नाही.

कारण मास्तरांची गोष्ट आमच्या गल्लीत वेगळीच सांगितली जात होती. मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बाबांचे जन्माचे मित्र. बायकोच्या छातीत दुखत होतं आणि हे शेकत बसले, फोन करायला उशीर केला, असं गल्ली म्हणायची. कुणी आधी म्हटलं ते आता कुणालाच आठवत नाही. गाडी उशिरा आली, म्हणजे फोन उशिरा गेला असणार, एवढंच लोक धरून चालले. बाबांनी तर मास्तरांशी बोलणंच टाकलं. रोज संध्याकाळी दुकानात दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडायचा, तो बंद झाला. "बायको हातातून गेली तरी याची आकडेमोड संपली नाही," असं बाबा एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. मास्तर उठून घरी गेले होते.

हा कोड आमच्या गल्लीत आला कसा, तेही सांगायला हवं. माझ्या लहानपणी गावच्या एक्स्चेंजमध्ये जागा नव्हती. फोनसाठी अर्ज केला की पोर जन्माला येऊन शाळेत जायचं, फोन यायचा नाही. टेकडीच्या माथ्यावर दगडाची खाण होती आणि खाणीच्या मालकासाठी शहराच्या एक्स्चेंजने घाटातून केबल आणली होती. खाण बंद पडली, केबल तशीच राहिली. बाबा आणि मास्तर शहरातल्या कचेरीत जाऊन बसायचे. बाबा बोलायचे, मास्तर कागदावर तारांचं गणित मांडून दाखवायचे. शेवटी ती केबल टेकडीवरून आमच्या गल्लीत उतरली आणि आमचे फोन शहराचे झाले.

मग गंमत सुरू झाली. शहरात बोलायला स्थानिक दर आणि पलीकडच्या आळीतल्या मावशीशी बोलायला बाहेरगावचा. त्यामुळे मावशीला फोन करायचाच नाही, गॅलरीतून ओरडायचं. पण तक्रार कुणाची नव्हती. शहराचा कोड! लग्नाच्या पत्रिकेवर तो ठसठशीत छापायचा. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानाच्या बोर्डावर त्यांच्या नावापेक्षा कोडाचे आकडे मोठे आहेत. लोक त्यांना कोडकाका म्हणतात, पोस्टमनसुद्धा.

आता कुठेही बोला, दर एकच. कोडाचं काम एवढंच उरलं आहे, की जीव जायची वेळ आली म्हणजे त्याने आपल्याला भलत्या दारात नेऊन उभं करायचं.

बाबा घरी आल्यावर मी गावातल्या टेलिफोनच्या कचेरीत गेले. साहेबांच्या मागे भिंतभर नकाशा होता. शहराचा भाग पिवळा, गावाचा हिरवा, आणि हिरव्याच्या मधोमध, सदऱ्यावर डाग पडावा तशी आमची पिवळी गल्ली.

"तुमचा पत्ता गावात आहे," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "पण तुमचा फोन शहरात आहे."

"फोन माझ्या घरात आहे. टेबलावर."

"मॅडम, तांत्रिकदृष्ट्या—"

"तांत्रिकदृष्ट्याच बोलू या. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, मला तांत्रिक बोललेलं चालतं. गावचं एक्स्चेंज इथून दिसतंय. आता तिथे हव्या तेवढ्या जागा आहेत. आमची केबल तिकडे जोडायला अडचण काय?"

अडचण अशी होती, की गल्लीची केबल एकच. बदलायचा तर सगळ्यांचा कोड बदलणार, म्हणून सगळ्यांची संमती हवी. एका घराने जरी नको म्हटलं तरी नाही.

"गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एक बाई गेल्या," मी म्हणाले.

"तेव्हा तक्रार आली नव्हती." ते अगदी शांतपणे म्हणाले, जणू मेलेल्या बाईंनी ती द्यायला हवी होती.

मी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशीही बोलले नाही. पण माणसं मरताहेत हे ठाऊक असलेली तार तशीच ठेवायला कुणाची संमती लागत नाही आणि काढायला मात्र सगळ्या गल्लीची लागते, हे कसलं शहाणपण? पाण्यात विष सापडलं तर मी आधी नळ बंद करते, लोकांची मतं विचारत बसत नाही.

तरी मतं विचारावी लागलीच. रविवारी गल्ली बाबांच्या दुकानात जमली. मास्तर आले नाहीत. गेल्या वर्षापासून ते कुठेच येत नव्हते.

"माझे सगळे ग्राहक शहरातले," विमावाल्या वहिनी म्हणाल्या. "गावचा कोड दिसला तर माझा फोन कोण उचलेल? आणि मी त्यांना काय सांगू, मी शहरातून गावात गेले? न हलता?"

"अँब्युलन्सची काळजी कशाला?" बेकरीवाला म्हणाला. "माझी गाडी आहे की. कोडकाकांना नेलंच ना?"

"आणि तू पाव पोचवायला गेलेला असलास तर?" आत्याने विचारलं. "आम्ही काय तुझ्या भट्टीच्या वेळा बघून आजारी पडायचं?"

लोक हसले. मला वाटलं, आता वळतील. तेवढ्यात बाबा काउंटरला धरून उभे राहिले.

"कोड बदलायचा नाही," ते म्हणाले. "आपण तो मिळवलाय, कुणी भीक घातलेली नाही."

संपलंच. ज्याचा जीव जाता जाता राहिला तोच नको म्हणतो म्हटल्यावर बाकीच्यांना काय? वहिनी तर टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. लोक चपला घालून निघून गेले.

वर आल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कळतंय का, पुढच्या वेळी काय होईल?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय? आयुष्यभर मी काय केलं, सांग. लोकांची घड्याळं चालू केली. लोक घड्याळ मनगटावर बांधतात आणि मला विसरतात. ही एक गोष्ट माझी म्हणून राहिली. गल्ली मला त्या नावाने हाक मारते. तीही पुसून टाकू?"

"पुस की मेल्या," आत्या म्हणाली. "भिंतीवरच्या फोटोला कुणी हाक मारत नाही."

मी ठरवलं होतं, बाबांची तब्येत सुधारेपर्यंत ड्रायव्हरचं बोलणं पोटात ठेवायचं. पण त्या वेळी मला ते ठेवता आलं नाही. मी सगळं सांगितलं. वेळेवर केलेला फोन, घाटातली गाडी, मास्तरांनी दिलेलं पाणी.

बाबा उठले. मग त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"कुठे निघालास?" आत्या ओरडली. "जिना उतरायला मनाई आहे!"

"मगाशी उतरलोच होतो," ते म्हणाले. मी त्यांचा दंड धरून बरोबर गेले.

मास्तरांनी दार उघडलं. वर्षभराने समोर उभ्या राहिलेल्या मित्राकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं. "वाळलास," ते म्हणाले. "ये. बस आधी."

बाबा बसले नाहीत. "तू वेळेवर फोन केला होतास?"

"हो."

"तिच्या छातीत दुखायला लागल्याबरोबर?"

"लगेच."

"मग बोलला का नाहीस? मी चार लोकांत तुला वाटेल ते बोललो. तोंडात काय बोळा कोंबला होता?"

मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. "काय बोलू? तुझ्या कोडाने माझी बायको नेली, असं? तुझ्या बोर्डावर तुझ्या नावापेक्षा तो मोठा. तार आणायला मीही होतो, पण मी त्यावर कधी जगलो नाही. तू जगलास. ती गेलीच होती. तुझंही काढून घेऊन मला काय मिळणार होतं?"

"गाढवा!" बाबांचा आवाज फुटला. "तू तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर कोड तेव्हाच गेला असता! मग परवा माझ्यासाठी अलीकडची गाडी आली असती!"

मास्तर एकदम खाली बसले, बाबांसाठी सरकवलेल्या खुर्चीतच. "खरं आहे," ते हळूच म्हणाले. "ते मी धरलंच नव्हतं."

मला मास्तरांचाही राग आला, अजून येतो. एवढा चांगुलपणा, आणि त्याच्या पोटी आणखी एक प्रेत निघायचं राहिलं होतं. बाबांचा आला, वहिनींचा आला, त्या शांत साहेबांचा तर सगळ्यात जास्त. दोन म्हातारे मात्र एकमेकांवर ओरडून झाल्यावर पाणी प्यायले, आणि ते कुणी कुणाला दिलं हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर शिडी लागलेली दिसली. बाबांना चढायची बंदी, म्हणून मास्तर वर आणि बाबा खाली शिडी धरून. मास्तर पत्र्याच्या तुकड्याने बोर्डावरचे आकडे खरवडत होते.

"काका, हे काय?" विमावाल्या वहिनी थबकल्या. "कोड अजून बदलला कुठाय?"

"बोर्ड तर माझा आहे ना?" बाबा म्हणाले.

मग मास्तरांनी ब्रश घेतला आणि फळ्यावर लिहितात तशा गोल, सुवाच्य अक्षरात रिकाम्या जागी लिहिलं: 'या गल्लीत जीव घाबरल्यास फोन करू नये. बेकरीवाल्यास हाक मारावी. गेल्या वर्षी येथे फोन वेळेवर केला होता.'

शेवटचं वाक्य बाबांनी लिहायला लावलं. मास्तर नको म्हणत होते. "लिही," बाबा म्हणाले, "नाहीतर शिडी सोडतो."

गल्ली बोर्डासमोर थांबून वाचायला लागली. वाचून झालं की लोक मास्तरांच्या बंद खिडकीकडे बघायचे आणि मान खाली घालून पुढे जायचे. संमतीचा कागद मी काउंटरवर ठेवला होता. बेकरीवाल्याने पिठाच्या हातानेच सही केली. वहिनींनी सर्वांत शेवटी केली, आणि तीही "गावचे लोकसुद्धा विमा काढतात म्हणा" असं स्वतःलाच समजावत.

इतके दिवस ज्यांनी आमची गल्ली फक्त नकाशावर पाहिली होती ते टेलिफोनचे साहेब त्याच आठवड्यात स्वतः चालत आले. त्यांना घाट चढावा लागला नाही. बोर्डासमोर उभं राहून त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे बदनामीकारक आहे," ते म्हणाले. "लगेच काढा."

बाबा आणि मास्तर दुकानात पटावर सोंगट्या मांडत होते. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काढतो की," ते म्हणाले. "पण एकाच केबलवरचा मामला आहे, साहेब. आधी तुम्ही काढा, मग आम्ही."

मी सह्यांचा कागद साहेबांच्या हातात दिला. एकाही घराची सही राहिलेली नव्हती. त्यांनी सगळ्या सह्या शेवटपर्यंत तपासल्या, कागदाची घडी केली आणि विचारलं, "याची पोच हवी का?"

"हवी," मास्तर पटावरून मान वर न करता म्हणाले. "वेळ घालून."