साहेबांची सीट

रघूनं लष्करानं निकालात काढलेली जिप्सी घेतली, तेव्हा सगळ्या वाडीला हसू आलं. गुडघे कुरकुरायला लागले की माणूस डॉक्टरकडे जातो, हा गाडी घेऊन आला! हातखंब्याच्या एका व्यापाऱ्यानं लिलावात अशा गाड्यांचा अख्खा लॉट उचलला होता. बऱ्याचशा कापून भंगारात जायच्या होत्या, धडधाकट तेवढ्या विकायला रस्त्याकडेला मांडल्या होत्या. रघूची उमेदीची सगळी वर्षं फौजेत गाडी चालवण्यात गेलेली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकला आणि यंदाच्या आंब्याचे पैसे तिथंच देऊन मोकळा झाला.

फौजेचा हिरवा रंग साध्या माणसाला गाडीवर ठेवता येत नाही. "कुठला रंग देऊ गो?" त्यानं बायकोला विचारलं.

"मना काय इचारता? मी थोडीच बसणार हाय त्यात," गोदा म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. शेवटी गॅरेजवाल्या बाबल्यानं आपल्या मनानंच निळा मारला.

खरं तर गाडीचं हे सगळं खूळ बाबल्याच्याच एका प्रश्नानं डोक्यात भरवलं होतं. रघूची एक ठेवणीतली हकिकत होती. मुलगा भावेश तेव्हा कडेवरचा. रघू साहेबांना घेऊन गोव्याला निघालेला, वाटेत हातखंब्याला चहाला थांबणार होता, म्हणून त्यानं घरी निरोप धाडला. गोदा पोराला घेऊन, डब्यात घावणे घालून तिठ्यावर येऊन उभी राहिली. साहेब मोठ्या मनाचे. घावणे आवडीनं खाल्ले आणि म्हणाले, हिला मागं बसव, गावापर्यंत सोडू. रघूनं टाचा जुळवल्या. "नाही साहेब, सरकारी गाडी आहे." साहेबांनी खूश होऊन पाठीवर थाप मारली, आणि गाडी निघून गेली.

ही हकिकत त्यानं टपरीवर इतक्यांदा सांगितली की, पुढचं वाक्य ऐकणारेच आधी म्हणायचे. साहेबांची थापसुद्धा तो स्वतःच्या मांडीवर मारून दाखवायचा. गेल्या शिमग्यात मात्र बाबल्यानं सहज विचारलं, "आनि मंग काकी घरी कशी गेली?"

रघूचा चहा हातातच राहिला. त्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलंच नव्हतं. घरी येताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण गोदाला सरळ विचारायचं सोडून हा बाबा गाडी शोधायला लागला! तिला एकदा गाडीत मानानं बसवायचं, म्हणजे झालं, असं त्यानं ठरवून टाकलं. काही पुरुषांना दोन शब्द बोलणं जड जातं, त्यापेक्षा चार चाकं घेणं सोपं.

गाडी आली, पण गोदा काही बसेना. अंगण झाडताना ती गाडीला वळसा घालून जायची. बस म्हटलं की तिला गुरांचं पाणी आठवायचं, नाहीतर पायाला चिखल लागलेला असायचा. रघू रोज काच पुसायचा.

मग मांडवीला नणंदेच्या नातीचं बारसं आलं आणि नेमकी एसटी चुकली. गोदा ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून पायरीवर आली. "चला," म्हणाली.

रघूला काय करू नि काय नको झालं. तो लगबगीनं गाडीच्या मागं गेला, मागचं दार उघडलं, शिपाई बसतात ते बाकडं पंच्यानं पुसलं आणि दार धरून उभा राहिला. "बस गो."

गोदा जागची हलली नाही. "पुडं कोन येनार हाय?"

"कोन नाय."

"मंग मी मागं कशाला?"

"पुडची सीट सायबा..." रघूनं जीभ चावली.

गोदा वळली, ओटीवर बसली आणि केसातला गजरा काढू लागली.

रघू दार धरून तसाच उभा. नोकरीत डावीकडची सीट साहेबांची. तिच्यावर त्यानं कधी टोपीसुद्धा ठेवली नव्हती. मुद्दाम असं काही नव्हतं त्याच्या मनात. पण त्याच्या मनात काही नसायचं, हेच तर गोदाचं दुखणं होतं. ते आत्ता त्याला कळलं.

त्यानं मागचं दार लावलं, पुढचं डावीकडचं उघडलं आणि ओटीपाशी आला.

"गोदा, चुकला माजा. आताचा नाय, तवाचा बोलतोय. तवा तू घरी कशी गेलीस गो?"

गोदानं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तिनं पदरानं तोंड पुसलं, गजरा पुन्हा माळला आणि उठून पुढच्या सीटवर बसली.

हातखंब्याच्या तिठ्यावर ती म्हणाली, "थांबवा. आता वळवा मागारी."

"आनि बारसा?"

"बारसा सांजचा हाय. कशी गेले ता इचारलात ना?"

रघूनं गाडी वळवली. थोडं पुढं गेल्यावर गोदानं बोट दाखवलं. "त्या वडाखाली भावेश रडाया लागला. ऊन लय होता." आणखी पुढं, चढाच्या तोंडाशी, "हितं चप्पल तुटली." रघूच्या डोळ्यांपुढचा रस्ता पुसट झाला. पण चढ आला तसा सवयीनं त्याचा पाय दाबला गेला आणि गाडी जोरात निघाली.

गोदानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"हळू चालवा वो," ती म्हणाली. "मी चालत गेले व्हते."